नसेचे ऑपरेशन झाले, मनाचे काय?



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात "नस दबली" हे शब्द ज्या घरात कधी उच्चारले गेले नाहीत असे घर क्वचितच सापडेल. कुणाची कमरेतली नस दबते आणि कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरते. कुणाची मनगटातली दबते आणि मध्यरात्री उठून हात झटकत बसावे लागते. मग गोळ्या होतात, शेक होतो, कमरेचा पट्टा होतो आणि शेवटी नागपूरचा रस्ता धरावा लागतो. ऑपरेशन होते. डॉक्टर म्हणतात, "छान झाले." सोयरे-धायरे फळे घेऊन भेटून जातात.

आणि आठ-दहा दिवसांनी घरात एक वेगळेच प्रकरण सुरू होते. माणूस बारीकसारीक गोष्टीवरून चिडू लागतो. रात्री जागा असतो आणि दिवसा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मुलाने प्रगतिपुस्तक सहीसाठी पुढे केले तर "आता नको" म्हणून बाजूला सारतो. एरवी कधी डोळ्यांत पाणी न आणणारी बाई भाजी निवडता निवडता रडू लागते. घरचे चक्रावून जातात. एवढा पैसा लावला, ऑपरेशनही चांगले झाले, मग आता काय झाले?

या प्रश्नाचे सरळ उत्तर फारसे कुणी देत नाही. सुटीच्या कागदावर टाके कधी काढायचे, वजन किती उचलायचे, गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे सारे लिहिलेले असते. मन बिघडेल असे लिहिलेले नसते. म्हणून शाळेच्या या पत्रिकेत आम्ही हा विषय घेतला. शाळेचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. ज्या घरात आई किंवा वडील असे पडून आहेत, त्या घरातले मूल रोज सकाळी आपल्या वर्गात येऊन बसते, एवढा संबंध आम्हाला पुरेसा वाटतो.

ठिबकची नळी नव्हे, कलम

आधी नस म्हणजे काय ते पाहू. बोलताना आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि चेतातंतूलाही. येथे आपण चेतातंतूबद्दल बोलत आहोत. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणे आणि कातडीला झालेला स्पर्श, चटका, टोचणे मेंदूपर्यंत आणणे हे त्याचे काम. आठवी-नववीच्या मुलांनी जीवशास्त्रात ॲक्झॉन आणि त्यावरचे मायलिनचे आवरण यांची आकृती पाहिली असेल. चेतातंतू म्हणजे अशा हजारो बारीक तंतूंची जुडी.

ही जुडी शरीरात काही ठिकाणी फार अडचणीच्या वाटेने जाते. मनगटाचेच पहा. खाली हाडांची कमान, वर एक चिवट पट्टा, आणि मधल्या बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या व एक चेतातंतू असे दाटीवाटीने जातात. दोऱ्यांना सूज आली की दाब बसतो तो बिचाऱ्या चेतातंतूवर. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. यालाच कार्पल टनेल म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा त्रास जास्त आढळतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण यांत त्याची शक्यता वाढते. कोपराच्या आतल्या बाजूला असाच एक चेतातंतू दबतो, तेव्हा करंगळी बधिर होते. कमरेत मणक्यांमधली चकती सरकून मुळाशीच दाब आला की सायटिका.

ऑपरेशनात हा दाब काढला जातो. मनगटाचे ऑपरेशन बहुधा हात बधिर करून होते, थोड्या वेळात आटोपते आणि रोगी त्याच दिवशी घरी येतो. कमरेचे मोठे असते. पण दोन्हींत चेतातंतूला काही जोडलेले नसते, बदललेले नसते. त्याच्यावरचा भार तेवढा उचललेला असतो.

आता खरी गोम येथे आहे. आपण शेतकरी माणसे. नस दबली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठिबकची नळी येते. नळीवर दगड पडला, पाणी थांबले. दगड काढला, पाणी सुरू झाले. ऑपरेशननंतरही तसेच होईल अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि नंतरच्या बऱ्याच मनस्तापाचे मूळ या अपेक्षेतच असते. चेतातंतू ही नळी नव्हे. तो जिवंत आहे. दाबामुळे नुसते आवरण खराब झाले असेल तर काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा धरते. पण आतला तंतूच तुटत गेला असेल तर त्याला दाबाच्या जागेपासून टोकापर्यंत नव्याने वाढत जावे लागते. हर्बर्ट सेडन या इंग्रज शल्यविशारदाने १९४३ साली चेतातंतूच्या इजांचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतला हा मधला प्रकार.

ही वाढ होते किती वेगाने? साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मोहरीच्या बारीक दाण्याएवढी! विद्यार्थ्यांनी पट्टी घेऊन आपलाच हात मोजून पाहावा. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सतरा-अठरा सेंटिमीटर भरतात, म्हणजे एकशे सत्तर-ऐंशी मिलिमीटर, म्हणजे सहा महिन्यांच्या आसपास. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत चाळीस सेंटिमीटर धरले तर एक वर्षाहून अधिक. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा हिशेब मुलांनी स्वतः करावा. उत्तर पाहून त्यांना नवल वाटेल, आणि आजोबांच्या पायाची बधिरता दोन महिन्यांत का गेली नाही तेही कळेल. फार दिवस दबून राहिलेल्या चेतातंतूची बधिरता पूर्ण जातच नाही असेही होते, आणि ते ऑपरेशन फसल्याचे लक्षण असते असे नाही.

संत्र्याच्या बागवानाला हे समजावून सांगणे खरे तर सोपे आहे. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधला म्हणून त्याच हंगामात कुणी टोपली घेऊन झाडाखाली जात नाही. कलम लावल्यावर चार-पाच वर्षे फळाची वाट पाहण्याची आपल्याला सवय आहे. हीच सबुरी शरीराच्या बाबतीत मात्र राहत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत नसली की माणूस घाबरतो. बरे होताना चेतातंतू गप्प बसत नाही. जो भाग अगदी बधिर होता तेथे आता मुंग्या येतात, टोचते, मध्येच विजेचा झटका बसल्यासारखे होते. फ्रेंच डॉक्टर ज्यूल तिनेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना १९१५ मध्ये हेच नोंदवले होते. वाढत असलेल्या चेतातंतूच्या टोकावर हलकेच टिचकी मारली की पुढे मुंग्या धावतात. डॉक्टर आजही ही खूण पाहतात. मुंग्या येणे हे अशा वेळी पुष्कळदा तंतू जागा होत असल्याचे चिन्ह असते. ज्याला हे कुणी सांगितले नाही तो मात्र मनात धरून बसतो की पहिले होते तेच बरे होते, ऑपरेशनने उलट वाढले.

मन का बिघडते

कारण एकच नसते, आणि जी आहेत ती एकमेकांत गुंतलेली असतात.

दुखणे आणि उदासी यांचा मेंदूतला रस्ता बराचसा एकच आहे. म्हणूनच अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन ही मुळात उदासीवरची औषधे नसेच्या दुखण्यावरही दिली जातात. आपल्याकडे ती चिठ्ठीवर दिसली आणि औषधाच्या दुकानात कुणी "ही डोक्याची गोळी आहे" असे सांगितले की रोगी बिथरतो. डॉक्टरांना मी वेडा वाटलो काय? तसे काही नसते. गोळी दोन्ही कामे करते, एवढेच. दुखणे लांबले की मन खचते आणि मन खचले की तेच दुखणे जास्त जाणवते. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे जे सहज बोलून जातात त्यांना याची कल्पना नसते. दुखणे खरे असते आणि मनही खरेच खचलेले असते.

झोप हे दुसरे. कमरेचे ऑपरेशन झालेल्याला कूस बदलताना जाग येते, मनगटाचे झालेल्याला हात उशीवर ठेवून झोपण्याची सवय नसते. सलग चार रात्री झोप मोडली तर धडधाकट माणूसही कावतो. त्यात दवाखान्यातून आलेला माणूस दिवसा पडल्या पडल्या डुलक्या घेतो आणि रात्र मोठी करून ठेवतो.

तिसरे म्हणजे औषधे, आणि येथे घरच्यांनी नीट लक्ष द्यावे. सूज उतरावी म्हणून काही वेळा थोडे दिवस स्टेरॉइड देतात. त्याने झोप उडणे, जीव अस्वस्थ होणे, विनाकारण हुरूप येणे किंवा रडू येणे असे होऊ शकते, आणि मधुमेह असेल तर साखर वाढते. नसेच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या गोळ्यांनी गुंगी येते, चक्कर येते, काहींना उदास वाटते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाने मळमळ आणि बद्धकोष्ठता होते. आणि चार दिवस पोट साफ झाले नाही तर मनाची काय अवस्था होते हे आम्ही सांगायला नको. या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करणेही वाईट. पुष्कळ दिवस घेत असलेले औषध अचानक सोडले की झोप जाते, घाम येतो, घालमेल होते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. दारूबरोबर तर ही औषधे जिवावर बेतू शकतात. गुंगीवर गुंगी चढून श्वास मंदावतो.

आपल्या भागापुरते एक खास कारण आहे. त्याचे नाव खर्रा. दवाखान्यात चार दिवस खर्रा मिळत नाही. तंबाखू एकदम सुटली की पहिल्या आठवड्यात चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे हे ठरलेलेच, आणि पुढे काही आठवडे ते उतरत्या प्रमाणात राहते. घरचे समजतात की ऑपरेशनने स्वभाव बदलला. मग कुणीतरी मायेपोटी पुडी आणून देतो आणि चिडचिड थांबते. पण तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि ज्या चेतातंतूसाठी एवढे केले त्यालाच रक्त कमी पोचते. आयती सुटलेली पुडी आणून देणाऱ्याला प्रेमळ म्हणावे की काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

पण या सगळ्यांपेक्षा मोठे कारण आम्हाला दुसरेच वाटते. ते म्हणजे हातचे काम थांबणे. आपल्याकडे माणसाची ओळख त्याच्या कामाने होते. कापूस वेचणारीचा हात, शिलाई मशीनवर बसणारीचे मनगट, बोरगावच्या गिरण्या-कारखान्यांत पाळी करणाऱ्याची कंबर, पेट्या भरणाऱ्याचा खांदा. यांतले जे थांबते त्याबरोबर मजुरी थांबते, आणि त्याहून अधिक काही थांबते. कमरेच्या ऑपरेशननंतर बहुधा सहा आठवडे वाकणे, ओझे उचलणे, मोटारसायकलवर कच्च्या रस्त्याने जाणे मना असते. शेतीच्या अंगमेहनतीला त्याहूनही वेळ लागतो. मनगटाच्या ऑपरेशनचे टाके दहा-चौदा दिवसांत निघतात, पण मूठ घट्ट आवळण्याची ताकद यायला तीन महिने सहज जातात आणि तळव्याचा व्रण दाबला की कितीतरी दिवस दुखतो. बाहेरून पाहणाऱ्याला तर एक लहानशी रेघ तेवढी दिसते. सासू, जाऊ, शेजारीण सगळ्यांच्या नजरा त्या रेघेवर. "एवढ्याशा ऑपरेशनला अजून भाकरी थापता येत नाही?" असे कुणी तोंडावर बोलले नाही तरी ते ऐकू येतेच. ज्वारीची भाकरी थापताना नेमका तळव्याच्या बुडाशीच भार येतो, हे बोलणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात येत नाही.

पुरुषांचे वेगळे. बाहेर आंबिया बहार तोडणीला आला आहे, व्यापारी बागेत फिरून भाव पाडून मागतो आहे, मुलगा अजून लहान, आणि आपण खाटेवर. दुसऱ्याने पाण्याचा तांब्या आणून द्यावा, दुसऱ्याने अंघोळ घालावी. ज्याने कधी कुणाकडून काही घेतले नाही त्याला हे फार जड जाते. ते जड गेल्याचे तो सांगत नाही. तो भाजीत मीठ कमी असल्याचे सांगतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांचे खांदे शेकतो, त्यांना हळद-लोणी लावतो आणि दुसऱ्या दिवशी जुंपत नाही. खांदा कामाचा आहे म्हणून तर त्याची निगा. हा मान घरातल्या माणसाच्या खांद्याला किती वेळा मिळतो, असे कधी कधी वाटून जाते.

सचिनचे उदाहरण

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देतो. ते चेतातंतूचे नाही, कोपराजवळच्या स्नायूबंधाचे आहे. परंतु मनाची गत तीच होती. मे २००५ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या डाव्या कोपरावर लंडनमध्ये टेनिस एल्बोचे ऑपरेशन झाले. त्यानंतरच्या दिवसांबद्दल ते पुढे मोकळेपणाने बोलले आहेत. आपल्या लहान मुलाची प्लॅस्टिकची बॅटसुद्धा तेव्हा त्यांना पेलत नव्हती. रात्री झोप लागत नसे. आता आपल्याला पुन्हा कधी खेळता येणार नाही असे त्यांना वाटू लागले होते. जगातला उत्तम वैद्यकीय सल्ला, पैसा, प्रेम करणारे घर हे सगळे असून हे झाले.

त्यांचे पुनरागमन आपल्या शेजारीच, नागपूरला झाले. २५ ऑक्टोबर २००५ रोजी श्रीलंकेविरुद्ध त्यांनी ९३ धावा काढल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक काढून त्यांनी सुनील गावसकरांचा चौतीस शतकांचा विक्रम मागे टाकला. अशा गोष्टी सांगताना आपण नेहमी त्या ९३ धावांपाशी पोचायची घाई करतो. खाटेवरच्या माणसाला मात्र आधीचे पाच महिने ऐकायचे असतात. "बघ, सचिन कसा उठून उभा राहिला" असे म्हटले की तो आणखी खाली जातो. "सचिनलाही तेव्हा झोप लागत नव्हती" असे म्हटले की त्याला सोबत मिळते.

शब्द सापडले पाहिजेत

आमच्या मते आपल्या लोकांची एक अडचण भाषेचीही आहे. आपण घरी मराठी बोलतो, त्यातही आपल्या वळणाची. सरकारी दवाखान्यातला अर्ज हिंदीत, सुटीचा कागद इंग्रजीत. नागपूरच्या डॉक्टरांना मराठी कळते खरे, पण गर्दीत आपण "दुखते" एवढेच सांगून मोकळे होतो. वास्तविक नसेच्या दुखण्याला आपल्या बोलीत किती नेमके शब्द आहेत! मुंग्या येतात, बधिर वाटते, आग होते, चमक निघते, ठणका लागतो, टोचते, गोळा येतो, करंट लागल्यासारखे होते. यांतला प्रत्येक शब्द डॉक्टरांना वेगळी माहिती देतो. "आधी बधिर होते, आता आग होते" हे एक वाक्य पाच मिनिटांच्या तपासणीइतके मोलाचे ठरू शकते.

मनाचेही तसेच. डिप्रेशन हा शब्द आपल्या घरात कुणी वापरणार नाही. वापरला तर गावभर होईल. पण करमत नाही, जीव लागत नाही, धसका बसला, घालमेल होते, जगण्यात राम वाटत नाही हे आपण बोलतोच. हेच शब्द डॉक्टरांपुढे बोलावेत. "धसका" हा तर फारच नेमका शब्द. ऑपरेशननंतर पुष्कळांना हालचालीचीच भीती बसते. वाकलो तर पुन्हा सरकेल, हात वापरला तर टाका तुटेल. मग डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही होत नाही, सांधे आखडतात, दुखणे वाढते आणि भीती खरी होती असे वाटू लागते. हा फेरा फिजिओथेरपीवाल्याच्या देखरेखीखाली थोडे थोडे चालून, बोटे हलवूनच तुटतो.

आणखी एक भीती आहे, ती कुणी उघड बोलत नाही. हात बधिर झाला म्हणजे महारोग तर नाही? कुष्ठरोगात चेतातंतू सुजतात आणि बधिरता येते हे खरे, म्हणून अंगावर स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर जरूर दाखवावे. त्याचे बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. पण मनगटाची नस दबणे हा वेगळा आजार आहे, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की कित्येकांच्या छातीवरचा दगड उतरतो. मात्र त्यासाठी विचारले पाहिजे.

घरातली मुले

लहान मुलांना घरातला ताण मोठ्यांच्या आधी कळतो आणि त्याचा अर्थ ती स्वतःच लावतात. बाबा माझ्यावर ओरडले, म्हणजे मी काहीतरी केले. आई माझ्याशी बोलत नाही, म्हणजे ती रागावली. त्यांना बसवून दोन वाक्यांत सांगावे: बाबांच्या कमरेतली नस हळूहळू बरी होत आहे, ती दुखते म्हणून ते चिडतात, तुझ्यामुळे नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढे कळते. वर मोहरीच्या दाण्याचा हिशेब दिला आहे, तो मुलाकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्यायलाही हरकत नाही. रोगी आणि मूल दोघांनाही त्यात गंमत वाटते.

मोठ्या मुलांचा प्रश्न निराळा. नववी-दहावीचा मुलगा पहाटे बागेत पाणी सोडून शाळेत येतो, मुलगी स्वयंपाक उरकून येते, आणि दुसऱ्या तासाला डोळे मिटतात. ही मुले तक्रार करीत नाहीत. गुण घसरले म्हणजे कळते, तेव्हा उशीर झालेला असतो. पालकांनी वर्गशिक्षकांना आधीच एक निरोप द्यावा. त्यात कमीपणा काही नाही. आणि संस्थेच्या विश्वस्त मंडळींना आमची विनंती अशी की ज्या घरात कमावता माणूस ऑपरेशनमुळे दोन-तीन महिने बसून आहे, त्या घराच्या फीचा तगादा तेवढे दिवस थांबावा. शिक्षकांमध्येही कुणाचे मनगटाचे ऑपरेशन झाले असेल तर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हाती खडू आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा देऊ नये. फळ्यावर लिहिणे हे हलके काम आहे असे फक्त न लिहिणाऱ्यालाच वाटते.

केव्हा थांबू नये

चिडचिड, रडू, उतरलेले तोंड हे पहिल्या काही आठवड्यांत होणारच, आणि बहुतेकांचे दुखणे कमी होत जाईल तसे मनही वर येते. पण उदासी रोज, दिवसभर, अशी दोन आठवडे टिकली. जेवण, झोप, अंघोळ यांवरून मन उडाले. "माझा तुम्हाला भार झाला", "मी नसतो तर बरे" अशी भाषा सुरू झाली, तर ते ऑपरेशनचे नेहमीचे दुखणे समजू नये. अशी भाषा कुणी नाटक म्हणून करीत नाही. ती ऐकल्याबरोबर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली फवारणीची औषधे आणि गोळ्यांची पाकिटे कुलपात ठेवावीत, आणि डॉक्टरांना गाठावे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. रोगी बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी लावावा.

शरीराच्याही काही खुणा रात्री-बेरात्री धावपळ करायच्या आहेत. कमरेच्या ऑपरेशननंतर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागेची संवेदना गेली, पायातली ताकद एकाएकी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून निघावे. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उशीर घरी होता कामा नये. ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणे हेही लगेच कळवावे.

आपल्याकडे मन बिघडले की लोक जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला नेतात. जरूर न्यावे. देवाच्या पायाशी बसून रडल्याने मन हलके होते हे आम्ही पाहिले आहे. फक्त कमरेचा रोगी असेल तर मोटारसायकलवरून नेऊ नये, आणि दर्शन झाले म्हणून गोळ्या बंद करू नयेत. ऑपरेशनच्या जागेवर कुणाकडून चोळूनही घेऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट. ऑपरेशननंतर पुन्हा दाखवायला बोलावतात, तेव्हा डॉक्टर विचारतात "दुखणे कसे आहे?" आणि आपण "ठीक आहे" म्हणून परत येतो. जाण्याच्या आदल्या रात्री वहीच्या एका पानावर लिहून काढावे: झोप किती तास लागते, कुठे मुंग्या आणि कुठे आग, कोणती गोळी घेतल्यावर गुंगी येते, पोट साफ होते का, खर्रा सुटला की चालू आहे, शेवटचे मनापासून हसू कधी आले. लिहिणाऱ्याचे मनगट दुखत असेल तर त्याने सांगावे आणि घरातल्या शाळकरी मुलाने लिहावे. ते पान तसेच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावे.